मामाचा खरा आकडा

मामाची ओतशाळा मी बुडवली. कंपनीने नाही, मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी माझी समजूत घालायला नको.

आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते. त्यांची लोखंडी कवचं बावीस वर्षं मामा ओतून द्यायचा. यंदा वरून फर्मान आलं: नुसता कंपनीचा धूर मोजून भागणार नाही, माल पुरवणाऱ्या प्रत्येकाचा धूरही अहवालात दाखवायचा. एकशे चाळीस जणांना फॉर्म गेले, आणि ते भरून घ्यायचं लोढणं खरेदी विभागातल्या माझ्या गळ्यात पडलं.

बहुतेकांनी फॉर्मला केराची टोपली दाखवली, उरलेल्यांनी अंदाजे आकडे ठोकले. मामाही म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडायची?"

"मामा, निदान तू तरी माझी लाज राख. आणि फॉर्ममधलं एकही घर रिकामं सोडू नकोस."

झालं! मामाने एकदा मनावर घेतलं की घेतलं. भट्टीशेजारी काटा मांडला आणि तीन महिने कोळशाची पाटी न पाटी तोलून वहीत लिहिली. कामगारांच्या अंघोळीचं पाणी तापवायचा कोळसासुद्धा.

"अरे, तो सोड की," मी म्हणाले. "तो कुठे मालात जातो?"

"कोळसा माझाच ना? मग लिहायचा. सोयीपुरतं खरं बोलायला मी काय पुढारी आहे?"

मी पोट धरून हसले. आकडे जसेच्या तसे चढवले. इतकी चोख माहिती आणल्याबद्दल साहेबांनी भर बैठकीत माझं कौतुक केलं, आणि मी मूर्ख फुगले.

मग यादी आली. ज्यांनी फॉर्म भरलाच नव्हता, त्यांच्यापुढे संगणकाने आपली सरासरी टाकली होती, तीही विजेवर चालणाऱ्या मोठमोठ्या कारखान्यांवरून काढलेली. मामाच्या मागच्या गल्लीतलं धुराडं दिवसभर काळं ओकतं, ते यादीत सज्जन ठरलं. मामा सगळ्यांच्या वर, लाल रंगात. लाल रंगातल्यांची ऑर्डर बंद करायचं ठरलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी.

मी तडक साहेबांकडे गेले. "सर, खरा आकडा या एकट्याचाच आहे. बाकीचे अंदाज आहेत."

"असेलही. पण अहवालात आकडा दिसतो, खरेपणा नाही," साहेब म्हणाले. "आणि ते तुमचे मामा ना? मग तुम्ही यात न पडलेलंच बरं."

ऑर्डर बंद झाल्याचं पत्र मात्र मलाच पाठवायला लावलं. मी पाठवलं. नोकरी प्यारी होती, दुसरं काय?

दहा दिवस तिकडे जायचं धाडस झालं नाही. गेले तेव्हा भट्टी गार होती. साचे भिंतीला लावून ठेवलेले, कामगार दुसरीकडे गेलेले. मामा काट्याशेजारच्या स्टुलावर बसला होता. मला वाटलं, चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.

"बस," तो म्हणाला. "आज तारीख काय गं?"

मी सांगितली. त्याने वही उघडली. पानावर एकाखाली एक दहा तारखा होत्या आणि प्रत्येकीपुढे शून्य. त्याने अकरावी तारीख घातली, पुढे शून्य काढलं.

"मामा, आता कशाला लिहितोस?"

"तूच म्हणाली होतीस ना, घर रिकामं सोडू नकोस म्हणून."