गर्दीपासून बाजूला

“परत,” काचेपलीकडून काका म्हणाले. “शेवटची ओळ परत घेऊ, ताई.”

मी पान वाजू नये म्हणून कोपरा बोटाने दाबून धरला आणि पुन्हा सुरुवात केली. बहिरा माणूस, त्याला येशूकडे घेऊन आलेले लोक, मग ते कान उघडायला सांगणं: ‘मोकळा हो.’ त्या शब्दापाशी आले की माझा आवाज कापरा व्हायचा.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी शुभवर्तमान आवाजात उतरवायचं काम आमच्या चर्चच्या मंडळीने घेतलं होतं. ध्वनिमुद्रण काका करायचे, वाचायचे मी. लहानपणापासून उपासनेत वाचायला मलाच उभं करत आले. आवाज स्वच्छ, जोडाक्षरं पक्की. विश्वासाचं म्हणाल तर तो घरातल्या जुन्या कपाटासारखा होता. होता, कारण आधीपासून होता. आत काय आहे ते मी कधी नीट उघडून पाहिलं नव्हतं.

“मागे ती अवघड नावांची वंशावळ वाचलीत ती शेजारपाजारच्यांची चौकशी केल्यासारखी,” काका म्हणाले. “आणि या साध्या ओळीला अडताय?”

“पाणी पिते जरा.”

“प्या. आणि एक. येशूने उसासा टाकला असं तिथे लिहिलंय. ते नुसतं वाचायचं. तुम्ही खरंच टाकलात.”

मला हसू आलं, पण अर्ध्यावरच राहिलं. माझी लहानगी ठकी काकांच्या खुर्चीशेजारी टोपलीत बसून पडद्याकडे बघत होती. माझा आवाज तिथे हिरव्या लाटा होऊन सरकायचा. मी थांबले की लाटा आडव्या व्हायच्या आणि ठकी मान वळवायची. माझी मुलगी माझा आवाज बघत होती.

मागच्या आठवड्यात तिच्या पाठीमागे लोखंडी स्टँड पडला. मी आत दचकले, काका बाहेर दचकले. ठकी पायाचा अंगठा चोखत राहिली. काकांनी स्टँड उचलला आणि त्याचा स्क्रू उगाच कितीतरी वेळ पिळत बसले.

तेव्हापासून माझे उद्योग सुरू झाले. मागून टाळी वाजव, किल्ल्या खुळखुळव. कधी ती वळायची आणि मला घेरी यायची आनंदाने. मग लक्षात यायचं, माझी सावली तिच्यावरून गेली होती.

“पोर शांत आहे तर तुला तेही बघवत नाही,” सासूबाई म्हणायच्या. “माझ्या लेकाने आळी डोक्यावर घेतली होती. देवाचे आभार मान.”

“आधी ते मोबाइलवर रोगांचं वाचणं बंद कर,” तो लेक, म्हणजे माझा नवरा, म्हणायचा.

ते काही बंद झालं नाही. पण त्याच्या जोडीने मी शास्त्रही, म्हणजे घरातलं बायबल, वाचू लागले, जसं कधीच वाचलं नव्हतं. ठकीला पाजताना, गॅसवर दूध उतू जाताना. भुकेल्या माणसाने दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात डबे उघडावेत तशी मी पानं उघडत होते. मागितलं आणि मिळालं, असं कुठे आहे तेवढंच शोधत होते. मनात एक सौदाही ठरवून टाकला होता: हे बहिऱ्या माणसाचं पान मी एका दमात, न चुकता वाचायचं, मग ठकीच्या कानांच्या तपासणीत सगळं ठीक निघेल. समोरून अशी बोली कुणीच लावली नव्हती.

त्या दिवशी पान झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी होती.

तपासणीची खोली थेट आमच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीसारखीच: जाड दार, गादी लावलेल्या भिंती, मध्ये काच. काका ‘परत’ म्हणतील असं वाटत राहिलं. ठकी मांडीवर झोपली होती. कपाळाला, कानांमागे चकत्या चिकटवलेल्या. डॉक्टरबाई आवाज वाढवत गेल्या. ठकीच्या कानातल्या बोंडातून निसटणारी टिकटिक मला स्पष्ट ऐकू येत होती. पडद्यावरच्या रेघा मात्र संध्याकाळच्या तळ्यासारख्या निवांत. आम्ही तिघी पाण्याच्या तळाशी बसलोय, वर कुठेतरी माणसं बोलतायत, आणि इथे खाली सगळं हिरवं, सावकाश आहे, असं काहीसं मला वाटलं. तिथून उठूच नये असंही वाटलं.

“आई,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “हिला ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी. पुढे काय काय करता येतं ते मी सांगेन. पण घरी गेल्यावर हातांनी बोलायला लागा.”

“मी तिला रोज गाणं म्हणून झोपवते.”

“झोपते ना?”

“हो. छातीवर.”

“मग म्हणत राहा.”

घरी सासूबाई दारातच उभ्या होत्या. माझं तोंड बघून त्यांनी ठकीला घेतलं आणि आत गेल्या. बऱ्याच वेळाने तिथूनच म्हणाल्या, “मी मागेच झाकण आपटून पाहिलं होतं. ही वळली नाही, म्हणून मीच भिंतीकडे वळले.”

“मग मला का बोलला नाहीत, आई?”

“आभार मान म्हणत होते ना. तेवढंच सुचत होतं.”

पुढचे काही दिवस मी शास्त्र उघडलं नाही. दिवस कापसातून गेल्यासारखे गेले. देवाशी भांडायचं तरी समोर कुणी आहे असं वाटावं लागतं. मला तेही वाटेना. शेवटी काकांकडे गेले ते सांगायलाच.

“हे पान दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या.”

काकांनी ठकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “घेईन की. जबरदस्ती नाही. तुम्ही आत बसून एकदा मनात वाचा, आणि नाही म्हणा. मी यंत्र लावत नाही.”

मी आत बसले. दार लागलं. बाहेरचं सगळं विझल्यासारखं झालं. वाचून दाखवायचं नव्हतं, म्हणून घाई नव्हती. इतके दिवस मी त्या शेवटच्या शब्दाकडे धावत होते, जणू मधल्या ओळी वाटेतले दगड होते. आता त्या एकेक दिसल्या. येशू त्या माणसाला गर्दीपासून बाजूला नेतो. आधी काहीच बोलत नाही. त्याच्या कानांत बोटं घालतो. थुंकी लावून जिभेला स्पर्श करतो. वर बघतो. उसासा टाकतो, आणि उसासा तर छातीवर दिसतो.

ऐकू न येणाऱ्याला कळेल अशाच रीतीने तो सगळं बोलला होता. कान उघडण्याच्या आधी. कान बंद असतानाच.

मला जे हवं होतं ते अजूनही हवं होतं. ते मी लपवलं नाही. पण त्या खोलीत मी पहिल्यांदा कुणाकडून तरी मागत होते.

काचेवर टकटक करून मी काकांना खूण केली. त्यांनी बटण दाबलं. मी वाचलं, सगळं, सावकाश. त्या शब्दापाशी आवाज कापरा झाला, तसाच होऊ दिला.

“ठेवतो हे,” काका म्हणाले, आणि नाक पुसायला रुमाल शोधू लागले.

ठकीला घेऊन मी बाहेर आले. व्हरांड्यात लोक चहा पीत, हसत उभे होते. मी तिला टोकाच्या रिकाम्या बाकावर नेलं, समोरासमोर बसवलं. उन्हात धुळीचे कण तरंगत होते. कसं सुरू करायचं ते मला येत नव्हतं. मी तिच्या कानाला बोट लावलं, मग ओठांना. वर पाहिलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने चोखत असलेली मूठ तोंडातून काढली, लाळेने भिजलेलं एक बोट माझ्या कानात घातलं, आणि दुसऱ्या हाताने माझं तोंड उघडू लागली. मी हलले नाही. तिचं होईपर्यंत तशीच बसून राहिले.