घाटातलं ओलं फडकं

मी पेट्रोलचा पंप बोलतोय. रस्त्यावरचा नव्हे, त्याच्यापुढे निदान रांग तरी लागते. मी हडपसरच्या रावसाहेबांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतला, मुठीएवढा, इंजिनाच्या कुशीला बोल्टांनी आवळलेला. मागच्या टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनाला पाजायचं, एवढंच माझं काम. ते मी चोख केलं. आधीच सांगतो, कारण माझ्याबद्दल तुम्ही भलतंच ऐकाल.

इंजिन तापलं की मी तापायचो आणि पोटातल्या पेट्रोलची वाफ व्हायची. वाफ मला ओढता येत नाही. दर उन्हाळ्यात जेजुरीला जाताना दिवे घाटातल्या एका वळणावर गाडी हटकून बंद पडायची. मग रावसाहेब माझ्यावर ओलं फडकं टाकायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "पंप कुचका आहे हो."

कुचका म्हणे. भट्टीला चिकटवून ठेवायचं, आणि घाम फुटला की नावं ठेवायची. इतक्या वर्षांत मी कधी थेंबभर गळलो नाही.

यंदा त्यांच्या पत्नी सुशीलाबाईंनी निक्षून सांगितलं, "अहो, आता घाटात बंद पडली तर विकायची. रस्त्याकडेला डबा उघडून जेवायचं वय राहिलं नाही माझं."

गाडी रावसाहेबांच्या वडिलांच्या वेळची. रावसाहेबांची झोप उडाली. त्यांनी श्याम मेकॅनिकला बोलावलं. त्याने मला काढलं, माझ्या जागी पत्र्याची पट्टी ठोकली आणि नवा, विजेवरचा पंप मागे टाकीजवळ बसवला. म्हणाला, "इथं गार राहतोय बघा."

म्हणजे जागा वाईट होती, हे कळत होतं. मला हलवता आलं नसतं, मान्य. इंजिनाने ढकललं तरच मी चालतो. पण मध्ये पत्र्याचा एक आडोसा? तेवढंही कुणाला सुचलं नाही. फडकं मात्र दरवर्षी नवं.

"असू दे, अडीअडचणीला," म्हणत रावसाहेबांनी मला डिकीत टाकलं.

काल जेजुरीला निघालो. माझ्याखाली नवा पंप टकटकत होता. ते वळण आलं. गाडी उत्तम चालली होती, तरी रावसाहेबांनी ती कडेला घेतली. डिकीतून फडकं काढलं, भिजवलं, बॉनेट उघडलं.

"आता कुणाच्या कपाळावर घडी ठेवताय?" सुशीलाबाईंनी आतूनच विचारलं.

रावसाहेब माझ्या जागच्या पट्टीकडे बघत राहिले. मग घाईने म्हणाले, "बंद नाही पडली हं. मी थांबवली."

"दिसतंय. नाही विकत." मग त्या म्हणाल्या, "त्या जुन्याला मात्र उगाच शिव्या दिल्यात. चुलीला टेकून बसवलं की कोणीही तापतं. मला विचारा."

रावसाहेबांनी विचारलं नाही. मागे आले, ते ओलं फडकं माझ्या अंगावर टाकलं आणि डिकी लावली.

आता मी गार आहे. गंजेपर्यंत गारच राहीन. मला हार नको, कपाटातली जागा नको. पुढे कधी रावसाहेब चारचौघांत म्हणाले, 'जुना पंप कुचका होता,' तर तुम्ही फक्त एवढंच विचारा: बसवला कुठे होता?