ब्रेक दाबायला माणूस

बडनेऱ्याहून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या हायवेवर देवीदासचं दुकान होतं. गाड्यांच्या वायरिंगचं काम. तो वारल्यापासून त्याच्या बायकोला, माणिकबाईला, कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. ताट पुढे आलं की जेवायची, अंधार पडला की पडायची. सून करिश्मा म्हणाली, "आई, यायले पुण्याच्या कंपनीत नोकरी भेटून राहिली, आपण समदे तिकडंच जाऊ." त्यावर "बरं" म्हणून ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली. मुलाचं, कुंदनचं, मात्र ठरत नव्हतं. बापामागे दोन ट्रेलर त्याच्या हातून दुरुस्त न होता तसेच परत गेले होते. "आज किसनकाकाचा ट्रेलर झाला तर दुकान ठीवतो, नाई तर जातो," असं तो सकाळी आईला सांगून बसला होता.

किसनराव अकोटहून कापसाच्या गठाणी वाहायचे. ब्रेक मारला की ड्रायव्हरसमोरच्या पट्टीवर ट्रेलरच्या ब्रेकमधला बिघाड दाखवणारा पिवळा दिवा लागे, सोडला की विझे. दिवा लागलेला असताना जोरात ब्रेक मारला, तर मागची चाकं जाम होऊन ट्रेलर आडवा होण्याची भीती. कुंदननं पुढच्या इंजिनापासून ट्रेलरकडे जाणारी जाड केबल काढली, पिना घासल्या, मीटर लावलं.

"मीटर तं बरोबर दाखवून राह्यलं," तो म्हणाला.

"मंग मीटरलेच जोड गाडीले," किसनराव म्हणाले. "तुया बापानं आतापावतर चा पिऊन बिल सांगतलं असतं."

कुंदननं मीटर खाली ठेवलं. मग दुकानाच्या पायरीवर बसलेल्या आईकडे न बघता म्हणाला, "माय, वर चढतं का? कोणी ब्रेक दाबल्याबिगर समजत नाई."

हे काम तिचंच होतं. लग्न होऊन आली त्या साली दुकानात दुसरं माणूस नव्हतं. देवीदास मागे चाकांपाशी वाकायचा, ती वर बसून ब्रेक दाबायची. कुंदन तान्हा असताना त्याला मांडीवर घेऊन दाबला. गाड्या पेट्रोलपंपापर्यंत रांगेत असायच्या आणि ड्रायव्हर लोक तिला 'वैनी, जरा जोरात' म्हणायचे. आता किसनरावांनी हात दिला. गुडघा कुरकुरला. ती सीटवर बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही.

"दाब," मागून हाक आली. हाक थेट बापासारखी होती. तिनं दाबला.

"लागला," ती म्हणाली.

"सोड."

"इझला."

असं बराच वेळ चाललं. मग कुंदननं ट्रेलरच्या लोखंडाला टेकवलेली एक सुटी तार ब्रेक सांभाळणाऱ्या विजेच्या डब्याला लावली.

"दाब."

"नाई लागला."

"दिव्याकडं नीट पाय, माय."

"नाई लागला म्हटलं नं."

तो सांगाड्याखाली शिरला. दसऱ्याच्या पूजेआधी किसनरावांनी ट्रेलरला नवा भगवा रंग मारून घेतला होता. रंगाऱ्यानं अर्थच्या, म्हणजे लोखंडातून वीज परत नेणाऱ्या तारेचा बोल्टही काढून खालचं लोखंड छान रंगवलं आणि बोल्ट रंगावरच कसला, त्यामुळे जोड कच्चा राहिला. नुसतं मीटर लावलं की सारं ठीक दिसे. ब्रेक दाबला की मागच्या लाल दिव्यांचा भारही त्याच तारेवर येई, आणि मग डब्याला वीज पुरत नसे. कुंदननं लोखंड चकचकीत होईस्तोवर रंग खरवडला, बोल्ट पुन्हा आवळला. सुटी तार काढली. तिनं पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. पिवळा दिवा लागला नाही.

"बापाचा पोरगा हायेस बावा," किसनराव म्हणाले. "आता दुकान चालते तुयं."

कुंदन फडक्यानं हात पुसत राहिला.

"नाई काका. मायच्यानं सापडलं हे. तिचे गुडघे पाह्यले का? रोज कोन चढन वर? एकट्यानं होत नाई हे काम." फडकं खांद्यावर टाकत तो म्हणाला, "म्हैन्याभरात आमी जाऊन राह्यलो."

किसनरावांनी वर माणिकबाईकडे पाहिलं. ती समोरच्या रस्त्याकडे पाहत होती.

"मंग म्या कोनाकडं जाऊ?"

"मूर्तिजापूरले विपुल वायरिंगवाला हाये. त्याले सांगजा, रंग मारलेली गाडी असन तं आंधी अर्थची तार पाय."

माणिकबाई दाराला धरून उलटी उतरायला लागली. खालच्या पायरीवर थांबून म्हणाली, "आन् किसनभाऊ, त्याले सांगजा, ब्रेक दाबाले घरचं मानूस ठीव. दुसरं कोनी ध्यान देत नाई."

"सांगतो, वैनी."

ती चहा ठेवायला आत गेली.