घरचा काटा

चपला काढल्या, पर्स खुर्चीत ठेवली, मनगटावरचं घड्याळसुद्धा सोडून नर्सच्या हातात दिलं, आणि ती काट्यावर चढली. चढताना उजवा गुडघा नेहमीसारखा करकरला, पण आज तिला त्याचं काही वाटलं नाही. वजन ब्याऐंशीवर आलं की डॉक्टर गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख देणार होते, आणि गेल्या शनिवारी घरच्या काट्यावर बरोबर ब्याऐंशी भरलं होतं.

"एक्क्याण्णव दोनशे," नर्स म्हणाली आणि लिहायला लागली.

"काय?"

"एक्क्याण्णव किलो, दोनशे ग्रॅम."

ती हसली. "बाई, तुमचा काटा बिघडलाय."

"महिन्यापूर्वी नवीन आणलाय हा."

"मग नवाच बिघडलाय. आमचे हे काटेच दुरुस्त करतात, तीस वर्षं झाली. अख्खा बाजार त्यांच्याकडून काटे तपासून घेतो. आमच्या घरचा काटा चुकणं शक्यच नाही."

नर्सने वाद घातला नाही. तिला शेजारच्या खोलीत नेलं. तिथे दांडीवर सरकती वजनं असलेला जुना काटा होता. नर्सने वजन एक्क्याण्णववर आणलं, बोटाने जरासं पुढे सरकवलं, आणि दांडी आडवी होऊन थांबली. दांडीचा काटा खोटं बोलत नाही, हे काटेवाल्याच्या बायकोला कुणी सांगायला नको होतं.

"सहा महिन्यांपूर्वी नव्वद होतं तुमचं," नर्स कागद बघत म्हणाली. "म्हणजे वाढलंच आहे की. तारीख आता नाही मिळायची."

घड्याळ परत घ्यायचं ती विसरली. नर्सने ते फाटकापर्यंत आणून दिलं.

सहा महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी ब्याऐंशीचा आकडा दिला, त्याच रविवारी नवरा-बायको चर्चमध्ये पुढे जाऊन गुडघ्यांवर बसली होती. तिला उठवायला मग दोन माणसं लागली, ते सोडा. पाळकांनी दोघांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि दोघांनी देवासमोर वचन दिलं. साखर बंद. बुधवारी आणि शुक्रवारी संध्याकाळचं जेवण बंद, त्या वेळात एकत्र प्रार्थना. शनिवारी वजन करायचं आणि रविवारी उपासना झाल्यावर जोडप्यांच्या बैठकीत उभं राहून सांगायचं. आणि एकाने मोडलं तर ते दोघांचं मोडलं. हे शेवटचं कलम काटेवाल्याने स्वतःहून घातलं होतं.

पहिले तीन आठवडे त्याचं वजन उतरत गेलं आणि तिचं जागचं हललं नाही. बैठकीत पाळकबाई तिच्या पाठीवरून हात फिरवून "होईल हो, होईल" म्हणायच्या. ते तिला शिवीपेक्षा लागायचं. घरी येऊन ती न्हाणीघरात शिरायची, नळ सोडायची आणि टॉवेलात तोंड खुपसून रडायची. चौथ्या शनिवारी मात्र काट्याची सुई अर्धा किलो खाली आली. मग दर शनिवारी येतच राहिली.

तेव्हाही तिला धक्काच बसला होता. कारण एक गोष्ट तिला एकटीला माहीत होती. ती बायकांचे कपडे शिवायची आणि दिवसभर घरी मशीनवर असायची. मशीनच्या खणात बॉबिनच्या डब्याशेजारी एक बिस्किटांचा डबा होता. तो दर तीन दिवसांनी रिकामा व्हायचा आणि पुन्हा भरायचा. उपासाच्या दिवशी जरा लवकरच रिकामा व्हायचा. हे बंद करायचं असं ती रोज सकाळी मनापासून ठरवायची.

आणि तरीही वजन उतरत होतं. ह्याचा अर्थ तिने एकच लावला. आपली लायकी नाही, तरी देव देतोय. गेल्या महिन्यात पाळकांनी तिला साक्ष द्यायला उभं केलं, तेव्हा ती म्हणाली होती, "माझ्यात काही नाही. सगळी त्याचीच कृपा आहे." मंडळीतल्या बायकांनी डोळे पुसले. तिच्यामुळे आणखी चार जोडप्यांनी वचन दिलं. डब्याचं तेवढं सांगायचं राहिलं होतं, बाकी त्या साक्षीत एक अक्षर खोटं नाही असं तिला खरंच वाटत होतं.

स्वतःच्या ड्रेसची शिवण तिने दोनदा उसवून सैल केली होती. कापड आटतं, असं मनाशी म्हटलं होतं. तीस बायकांची मापं घेणाऱ्या हाताने सहा महिन्यांत स्वतःच्या कमरेला टेप लावला नव्हता.

घरी आल्यावर ती आधी पाणीही प्यायली नाही. मागच्या खोलीत काटेवाल्याची तपासणीची वजनं असायची. त्यातलं वीस किलोचं लोखंडी वजन तिने दोन्ही हातांनी ओढत आणलं, अर्ध्या वाटेत बसली, पुन्हा ओढलं आणि घरच्या काट्यावर चढवलं.

सुई अठरावर थांबली.

तिने वजन काढलं. सुई बरोबर शून्यावर गेली. पुन्हा ठेवलं. अठरा.

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. "तू घरी कर, मी दुकानातच करतो वजन," असं तो दर शनिवारी म्हणायचा. हॉस्पिटलात जाऊ म्हटलं की पुढच्या आठवड्यावर ढकलायचा. त्याच्या पँटी मात्र तिने स्वतः दोनदा आत घेतल्या होत्या. तो खरोखरच वाळला होता. ती काट्यासमोर जमिनीवर बसली. पुन्हा कसं उठायचं ह्याचा विचारही तिला सुचला नाही.

संध्याकाळी काटेवाला दार उघडून आत आला. त्याने आधी वजन पाहिलं, मग सुई, मग तिला. हातातली हत्यारांची पिशवी त्याने हळूच खाली ठेवली.

"हॉस्पिटलात जाऊन आलीस."

"हो."

"थांबायचं होतंस. पुढच्या आठवड्यात जाऊ म्हटलं होतं मी."

"तीनदा म्हणालात."

तो तिच्यासमोर मांडी घालून बसला. दुकानात गिऱ्हाइकाचा काटा उघडायच्या आधी बसायचा तसाच.

"तीस वर्षांत कुणाला एका ग्रॅमनं फसवलं नाहीत तुम्ही," ती म्हणाली.

"नाही."

"आणि मला नऊ किलोंनी?"

"एकदम नाही केलं." त्याचा आवाज पार खाली गेला होता. "तू नळ सोडून रडायचीस. त्या नळाच्या आवाजाने मला झोप लागेना. म्हटलं, एकदा अर्धा किलो कमी दिसू दे. हुरूप येईल, मग खरंच उतरेल. उतरलं की स्प्रिंग परत जागेवर आणीन, कुणाला कळणारही नाही. आज आणतो, उद्या आणतो, असं करत राहिलो. मग तू साक्ष दिलीस आणि माझी परतीची वाटच बंद झाली."

तिचा राग आता कुठे वर आला. इतका वेळ त्याला जागाच सापडत नव्हती.

"सगळ्या मंडळीसमोर उभी राहिले मी. देवाचं नाव घेतलं. आणि करत होतात तुम्ही, स्क्रूड्रायव्हर घेऊन. मी इथे बुधवार-शुक्रवार पोट मारून—"

काटेवाला तिच्याकडे बघत नव्हता. शिलाई मशीनकडेही बघत नव्हता. तिकडे नजर जाऊ नये म्हणून तो खाली फरशीकडे बघत होता, आणि ते तिच्या लक्षात आलं.

"माझं उतरत का नाही, हे तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत," ती म्हणाली.

त्याने पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला आणि नुसताच हातात फिरवत राहिला.

"तुम्हाला माहीत होतं."

"मशीनला मुंग्या लागायच्या," तो म्हणाला. "सकाळी तू उठायच्या आत मी पुसून घ्यायचो."

नर्सच्या आकड्यापेक्षा हे तिला जास्त लागलं. सहा महिने रोज सकाळी हा माणूस ओलं फडकं घेऊन मशीनपाशी वाकत होता, आणि ती उठून त्याच मशीनवर बसत होती.

ती मशीनच्या पायाला धरून कशीबशी उठली. खण उघडला, डबा काढला आणि त्याच्यासमोर फरशीवर ठेवला.

"हा घ्या."

"आणि अस्तराच्या गठ्ठ्यामागचा?" त्याने वर न बघता विचारलं.

तिने तोही आणून ठेवला. मग तिच्या एकदम ध्यानात आलं की आज बुधवार आहे.

"प्रार्थनेला बसायचो आपण," ती म्हणाली. "मी मोठ्याने आभार मानायचे, तुम्ही मनात काहीतरी म्हणत असायचात. काय म्हणायचात?"

"माफी मागायचो."

"माझ्यासाठी?"

"आधी माझ्यासाठी. मग वेळ उरला तर तुझ्यासाठी."

तिला हसू आलं की रडू, ते तिचं तिलाही कळलं नाही. त्याने काटा उलटा केला, चार स्क्रू काढले, आत बोट घालून स्प्रिंगला दोन वेढे दिले. सुलटा करून वजन ठेवलं. वीस. त्याने वजन उचलून बाजूला ठेवलं आणि काटा तिच्याकडे सरकवला.

"चढ."

ती चढली. काटेवाल्याने चष्मा पुसला, वाकून सुई पाहिली आणि बाजारात व्यापाऱ्याला सांगतो तशा खणखणीत आवाजात आकडा सांगितला.

"एक्क्याण्णव किलो, दोनशे."

"रविवारी मी उभी राहून सांगते," ती काट्यावरूनच म्हणाली. "डब्यांचं सांगते. काट्याचं नाही सांगणार. काटा बिघडला होता म्हणेन."

"काटा बिघडला नव्हता."

"अहो, बाजारात कळलं तर उद्यापासून तुमच्या दुकानात काळं कुत्रं फिरकायचं नाही. तुम्ही तरी गप्प बसा."

त्याने दोन्ही डब्यांची झाकणं घट्ट लावली आणि ते वीस किलोच्या वजनाशेजारी नीट लावून ठेवले. मग उठून तिला उतरायला हात दिला.

"एकाने मोडलं तर दोघांचं मोडलं," तो म्हणाला. "मी पण उभा राहणार."