पालक म्हणून सासूबाई

पहिल्या दिवशी ती वर्गात शिरली आणि सगळा वर्ग ताडकन उभा राहिला.

"गुड मॉर्निंग, मॅडम!"

तिनं मागे वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि ती मान खाली घालून शेवटच्या बाकावर जाऊन बसली. वर्गात हशा पिकला. तिलाही हसू आवरेना. त्या दिवसापासून सूक्ष्मजीवशास्त्राच्या पहिल्या वर्षात ती सगळ्यांची 'काकू' झाली.

बारावी सायन्सनंतर तिचं लग्न झालं होतं. मग मुलगी, मग घर. मुलगी हाताशी आल्यावर ती जवळच्या तपासणी लॅबमध्ये काउंटरवर बसू लागली. रिपोर्ट द्यायचे, सह्या घ्यायच्या, एवढंच काम. एका निवांत दुपारी तिथल्या टेक्निशियननं तिला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावू दिला. जांभळ्या रंगाचे बारीक गोल, द्राक्षांच्या घडासारखे. "हे सगळे जिवंत होते?" तिनं विचारलं. "होते की," तो म्हणाला. त्या दिवशी घरी तिचं कशातच लक्ष लागेना.

"अहो, मला कॉलेजला जायचंय," तिनं नवऱ्याला सांगितलं. तो बस डेपोत मेकॅनिक. मितभाषी माणूस. "जा की," एवढंच म्हणाला आणि आंघोळीला गेला.

सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणकाम चाले. कपडे आत घ्यायचे, बाहेर सोडायचे, आणि गिऱ्हाइकाला दोन गोष्टी सुनवायच्या. "चाळिशी लावायचे दिवस आले आणि ही पाटी-पेन्सिल घेऊन निघाली!" त्या म्हणाल्या. पण प्रवेश मिळाला त्या दिवशी तिच्या पांढऱ्या लॅबकोटाच्या बाह्या त्यांनी न सांगता आखूड करून ठेवल्या होत्या.

अभ्यास सोपा नव्हता. प्रात्यक्षिकात तिचा हात हळूहळू बसला. सुरुवातीला ती काचपट्टीवरचा रंग इतका धुवायची की पाहायला काही उरायचंच नाही. इंग्रजी पुस्तकांनी नाकी नऊ आणले. आणि संख्याशास्त्र! सरासरीपर्यंत गाडी नीट जायची, पुढे घोडं अडायचं ते अडायचंच.

पहिलं सत्र संपत आलं तेव्हा विभागात सूचना लागली. पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं मार्गदर्शकांसोबत बसून पुढच्या वाटचालीचं नियोजन करायचं. कोणते विषय, कोणता अनुभव, पदवीनंतर काय. सोबत पालक आणणं आवश्यक.

ती तिच्या मार्गदर्शक मॅडमकडे गेली. मॅडम तिच्याहून वयानं लहान होत्या. "मॅडम, मी पालक कुठून आणू?"

मॅडमना हसू आलं. "घरातलं कुणीही आणा. तुम्हाला आधार लागणार तो घरच्यांचाच. पुढे काय वाढून ठेवलंय ते त्यांनाही कळू दे."

घरी विषय निघाला. नवऱ्याची ड्यूटी होती. मुलीनं हात वर केला, "मी येते! आईची पालक!" सासूबाईंनी दातानं दोरा तोडला. "घरात मोठं कोण? मी. मग पालक मीच."

सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं.

ठरल्या दिवशी विभागाबाहेरच्या बाकांवर मुलं आणि त्यांचे आईवडील बसले होते. शेजारच्या बाईंनी सासूबाईंना आपुलकीनं विचारलं, "नातीला घेऊन आलात?"

"नाही, सुनेला," सासूबाई म्हणाल्या, आणि तिच्याकडे बोट दाखवलं. "ही माझी."

आत मॅडमनी एकेक वाट उलगडून सांगितली. इस्पितळातल्या तपासण्या, औषध कंपन्यांमधली गुणवत्ता चाचणी, दूध आणि खाद्यपदार्थ, पिण्याचं पाणी, माती आणि पर्यावरण, शिकवणं, संशोधन. कुठे पदवी पुरते, कुठे पुढचं शिक्षण लागतं, कुठे आधी अनुभव विचारतात. मग त्या म्हणाल्या, "आता तुमचं सांगा. काय करावंसं वाटतं?"

उत्तर तिनं घोकून ठेवलं होतं. "पदवी झाली की लॅब टेक्निशियनचं सर्टिफिकेट करीन. घराजवळच्या लॅबमध्ये काम मिळेल. माझ्या वयाला तेवढं पुष्कळ आहे."

"छान काम आहे ते," मॅडम म्हणाल्या. "तेच करायचंय तुम्हाला?"

"हो."

"खोटं बोलतेय," सासूबाई म्हणाल्या.

"आई!"

"आई काय आई? मॅडम, माझ्या खिडकीत हिनं एक बरणी ठेवलीय. डेपोमागची काळी माती आहे तिच्यात. घासलेटासारखा वास मारतो सगळ्या घरात. रोज येऊन त्या मातीकडे बघत बसते. लॅबमध्ये रक्त तपासायचं असेल, तर माझ्या खिडकीत माती कशाला?"

मॅडम पुढे झुकल्या. "कसली माती?"

तिचे कान तापले. पण आता गप्प बसून भागणार नव्हतं. "डेपोत गाड्यांचं तेल वर्षानुवर्षं मागच्या जमिनीत मुरलंय. तिथे काही उगवत नाही. पण एका कडेला, तितक्याच काळ्या मातीत, गवत आलंय. ह्यांना डबा द्यायला गेले तेव्हा दिसलं. वर्गात तुम्ही म्हणाला होतात, काही जिवाणू तेलही खातात. मला वाटलं, तिथे कुणीतरी जेवायला बसलं असेल."

मॅडम हसल्या नाहीत. "मला हे आधी का नाही सांगितलंत?"

"लोक म्हणतील, पहिल्या वर्षाला आहे आणि संशोधनाच्या गप्पा. आणि माझं वय…"

"वयाचं सांगते, उगीच हवेत इमले बांधणार नाही," मॅडम म्हणाल्या. "काही नोकऱ्यांना वयाची अट असते, ती तुमच्या आड येईल. एमएस्सीच्या जागा कमी, परीक्षा कठीण. संख्याशास्त्र आणि कॉम्प्युटर यांच्यापासून पळता येणार नाही, आणि तुम्ही पळताय हे मी पाहिलंय."

"म्हणजे जमेल की नाही?" सासूबाईंनी थेट विचारलं.

"खात्री कुणालाच देता येत नाही, आजी. बाहेर बसलेल्या मुलांनाही नाही. पण करून बघू नये, असं एकही कारण मला दिसत नाही."

मग दोघी खरोखर नियोजनाला बसल्या. या वर्षी संख्याशास्त्र पक्कं करायचं आणि मोकळ्या तासांना मॅडमच्या प्रयोगशाळेत यायचं. दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटर, आणि सुट्टीत एखाद्या संशोधन संस्थेत अनुभव. तिसऱ्या वर्षी एमएस्सीची प्रवेश परीक्षा. "आणि सर्टिफिकेटचा रस्ता बंद करायचा नाही," मॅडम म्हणाल्या. "तो आहेच. फक्त घाबरून आधीच त्याच्यावर चालायला लागू नका."

बाहेर पडल्यावर तिनं सासूबाईंना जिन्यातच थांबवलं. मग म्हणाली, "आई, तुम्हाला तर माझं शिकणं पसंत नव्हतं."

"मला ती बरणी पसंत नाही," सासूबाई म्हणाल्या. "शिकण्याचं म्हणशील, तर अर्धवट शिवलेलं कापड मला बघवत नाही. मी काय शिवायला बसलेय ते एकदा ठरलं, की मग मी कुणाचं ऐकत नाही. तू आपली आधीच कापड आखूड करून मोकळी!"

त्या संध्याकाळी घराची नवी व्यवस्था लागली. नवऱ्याकडे बाजार आणि सकाळचा स्वयंपाक गेला. पहिल्या आठवड्यात त्यानं मिठाशी वैर धरलं, पण कुणी तक्रार केली नाही. अकरावीतल्या मुलीनं आईचं संख्याशास्त्र हाती घेतलं. आकडे हवेत म्हणून तिनं आजीच्या गिऱ्हाइकांच्या कमरांची मापं काढली.

"यांची सरासरी काढ," मुलगी म्हणाली. तिनं काढली.

"या मापाचा झगा शिवला तर एकीलाही बसायचा नाही," सासूबाई मशीनवरूनच म्हणाल्या. "एकीची कंबर काडी, दुसरीची ढोलकं."

"बघ आई! सरासरीपासून प्रत्येक जण किती लांब, तेच तर मोजायचं असतं!"

ती हातातली पेन्सिल तशीच धरून बसली. इतके दिवस जे सूत्र भिंतीसारखं समोर उभं होतं, त्याला एकदम दार फुटलं.

प्रयोगशाळेत तिनं काचेच्या चंबूंमध्ये क्षारांचं पाणी घेतलं, त्यात थोडं डिझेल टाकलं आणि चिमूटभर माती. खायला डिझेलशिवाय काहीच नाही. त्यामुळे जे डिझेल खाऊ शकेल तेच वाढणार. सोबत तुलनेसाठी एक चंबू मातीशिवाय. तो स्वच्छ राहायला हवा.

काही दिवसांनी मातीचा चंबू गढूळ झाला. तिला आनंदानं ओरडावंसं वाटलं. मग तिनं दुसऱ्या चंबूकडे पाहिलं. तोही गढूळ.

हाताळताना मातीतले जंतू त्यातही शिरले असणार. सगळं मुसळ केरात. शेजारी काम करणारी वर्गातली मुलगी कुजबुजली, "काकू, तो ओतून टाका आणि नवा भरा. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," ती म्हणाली, आणि दोन्ही चंबू घेऊन मॅडमकडे गेली. "माझं चुकलं. पहिल्यापासून करते."

दुसऱ्यांदाही जमलं नाही. तिसऱ्यांदा तिनं टेबल पुसण्यापासून बूच लावण्यापर्यंत एकेक हालचाल सावकाश केली, आणि श्वाससुद्धा बेतानं घेतला. आठवड्यानंतर मातीशिवायचा चंबू नितळ होता. वर डिझेलचा थर जसाच्या तसा. मातीच्या चंबूत पाणी दुधट झालं होतं, आणि वरचा थर फुटून त्याचे बारीक थेंब झाले होते. मॅडमनी चंबू उजेडात धरला, हलवला, पुन्हा धरला. "कुणीतरी खरंच जेवायला बसलंय," त्या म्हणाल्या. वर्गातली मुलं भोवती गोळा झाली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.

वर्षाच्या शेवटी आसपासच्या कॉलेजांचं विद्यार्थी विज्ञान संमेलन झालं. मॅडमनी तिचं नाव दिलं. सभागृहात पहिल्या रांगेत सासूबाई, नवरा आणि मुलगी बसली होती. नवऱ्यानं हातावरचा काळा डाग जाईपर्यंत हात घासले होते. चंबूंचं चित्र पडद्यावर आलं आणि ती बोलू लागली. थांबली ती बोलणं संपल्यावरच.

परीक्षकांमधले, एका संशोधन संस्थेतले वयस्कर प्राध्यापक उठले. "तेल जिवाणूंनी खाल्लं, की नुसतंच त्याचे थेंब करून पसरवलं? तुम्हाला काय माहीत?"

तिनं क्षणभर विचार केला. "अजून माहीत नाही, सर. त्यासाठी शिल्लक तेल मोजावं लागेल, आणि एकदा मोजून चालणार नाही. बऱ्याच चंबूंमध्ये मोजून त्यांच्यातला फरकही पाहावा लागेल. तेल मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. पण मोजायचं कसं, ते मी वाचलंय."

प्राध्यापकांनी मान डोलावली. "आमच्याकडे आहे ते यंत्र," ते म्हणाले. "सुट्टीत या."

निकाल लागला तेव्हा पहिल्या बक्षिसावर एका मुलाचं नाव होतं आणि दुसऱ्यावर तिचं. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. तिच्या कानात एकच वाक्य घुमत होतं. सुट्टीत या. ठरवलेली गोष्ट वर्षभर आधीच चालून आली होती.

संस्था दुसऱ्या गावी होती. सुट्टीभर तिथेच राहायचं. ती घर, मुलगी, स्वयंपाक असं काहीबाही मोजायला लागली, तर नवरा, जो कधी चार वाक्यं सलग बोलला नव्हता, म्हणाला, "आम्ही उपाशी मरणार नाही. मीठ मला आता कळायला लागलंय. तिथलं ते यंत्र बिघडलं तर मात्र मला फोन कर. तू जा."

निघायच्या सकाळी तिघंही स्टँडवर आले. बस लागली. नवऱ्यानं बॅग वर ठेवली, आणि सवयीनं वाकून चाकांकडेही एक नजर टाकली. मुलीनं मिठी मारली. सासूबाई खिडकीजवळ उभ्या राहिल्या. तिच्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनी सहज विचारलं, "माहेरी चाललात का?"

तिनं उत्तर देण्याआधीच सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "संशोधनाला चाललीय. तेल खाणारे जंतू हिनं शोधलेत."

"आई, शोधले नाहीत, फक्त वाढवले," ती म्हणाली. "आणि खातात की नाही, ते अजून बघायचंय."

"तेच ते," सासूबाई म्हणाल्या. अंगावर मूठभर मांस चढलं होतं त्यांच्या. बस हलली तरी त्या बाजूनं चालत राहिल्या, आणि आवाज चढवून त्या बाईंना सांगत राहिल्या की आमच्या घरात आजवर कुणी असं काही केलेलं नाही. फलाट संपला तिथे त्या थांबल्या.

ती खिडकीतून मागे पाहत होती. स्टँड नजरेआड झाल्यावर ती सरळ बसली. शेजारच्या बाई तिच्याकडे कुतूहलानं पाहत होत्या.

"म्हणजे तुम्ही नेमकं काय करता?" त्यांनी विचारलं.

असं विचारल्यावर ती आजवर मुलीबद्दल सांगायची, नवऱ्याबद्दल सांगायची. आज ती म्हणाली, "मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. सांगू का? वेळ आहे ना तुम्हाला?"

आणि ती सांगू लागली.