लहान चक्रावर उतरेना चेन

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, पण साधीसुधी नव्हे, गियरची. हे आधीच सांगून टाकते, कारण आता माझा अवतार बघून ते कोणाला खरं वाटत नाही. शिरपूरच्या एका कापड दुकानामागच्या पडवीत मी उभी असते. माझ्या हँडलवर लोक ओले पंचे वाळत घालतात, आणि मला त्याचा राग येतो.

माझा जन्म परदेशातला. बोटीतून मुंबईला आले. माझा गोरा मालक मायदेशी परतला तेव्हा शिरपूरच्या भिकमचंद शेठांनी मला घेतलं, ते आपल्या धाकट्या भावासाठी, हस्तीमल शेठांसाठी. सगळ्या गावात माझ्यासारखी मी एकटीच. पायडलजवळ इतरांना एक दातेरी चक्र असतं, मला दोन आहेत, एक मोठं आणि एक लहान. मोठ्या चक्रावर चेन असली की सपाट रस्त्यावर मी वाऱ्यासारखी पळते. लहान चक्रावर चेन आली की पायाला जोर कमी लागतो आणि चढ सोपा होतो. चेन इकडून तिकडे ढकलायला एक पत्र्याचा छोटा पिंजरा आहे. माझ्या दांडीवरचा खटका ओढला की तार ताणते आणि पिंजरा चेनला मोठ्या चक्रावर चढवतो. खटका सोडला की स्प्रिंग पिंजऱ्याला मागे खेचते आणि चेन लहान चक्रावर उतरते. एवढंच माझं शास्त्र.

हस्तीमल शेठांना ते लहान चक्र फार गरजेचं होतं. तरुणपणी कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या जिन्यावरून पडून त्यांचा उजवा गुडघा अधू झाला होता. धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "सायकल खुशाल चालवा, पण या गुडघ्यावर जोर दिलात तर पाय कायमचा जाईल." दुकानाच्या गादीवर बसणं शेठांच्या जिवावर यायचं. दर आठवड्याला लुगड्यांचे आणि धोतरांचे गठ्ठे माझ्यावर बांधून ते सातपुड्यातल्या बाजाराला निघायचे. चढ आला की माझा खटका सोडायचे, चेन अलगद उतरायची, आणि शेठ गुणगुणत वर पोचायचे. डोंगरातली माणसं माझ्याभोवती गोळा व्हायची, कोणी पिंजऱ्याला बोट लावून बघायचं. मला तेव्हा भारी ऐट होती.

एका दिवाळीत लक्ष्मीपूजनाला शेठांच्या पत्नी, प्रेमकुंवर, यांनी कापड मोजायच्या गजाची, कात्रीची आणि माझीही पूजा केली. त्यांच्या मारवाडी घरात पूजेनंतर हत्याराला मोळी बांधतात. मोळी म्हणजे लाल-पिवळा सुती धागा. तो कधी तोडायचा नसतो. पुढच्या दिवाळीआधी ज्याने बांधला त्यानेच सोडायचा आणि नदीत विसर्जित करायचा. त्या वर्षी त्यांनी मोळी बांधताना शेठांच्या गुडघ्यासाठी देवाला हात जोडले, आणि माझ्या तिरप्या दांडीला धाग्याचे घट्ट वेढे दिले. बाई, जरा बघून तरी बांधायचं! त्याच दांडीवरून माझी उघडी तार जाते. ती धाग्याखाली आवळली गेली. वरून ओलं कुंकू लागलं, मग रस्त्याची धूळ बसली, आणि धागा चामड्यासारखा कडक झाला.

मग माझे हाल सुरू झाले. खटका ओढला की चेन मोठ्या चक्रावर जायची, कारण हाताचा जोर धाग्याला भारी पडायचा. पण खटका सोडला तर चेन उतरेना. स्प्रिंग बिचारी केवढीशी! तिच्याने आवळलेली तार मागे येईना. शेठ मला झुलाल मिस्त्रीकडे घेऊन गेले. झुलालने चेन रॉकेलने धुतली, पिंजऱ्याला तेल दिलं, त्याचे दोन बारीक स्क्रू फिरवून पाहिले. मग तार बदलली, आणि नवी तारही त्या धाग्याखालूनच सरकवून घातली. काम करताना त्याची नजर दोनदा धाग्यावर गेली. शेठांचीही गेली. मी पाहिलं ना!

"शेठ, तार चांगली शे, चेन चांगली शे, बठ्ठं चांगलं शे," झुलाल म्हणाला. "मंग का अडकस, तेच समजत नही."

"बघू," शेठ म्हणाले, आणि मला घेऊन निघाले.

मला तोंड असतं तर दोघांनाही चांगलं फैलावर घेतलं असतं. त्यानंतर शेठ प्रत्येक चढ मोठ्या चक्रावर चढू लागले. घरी आल्यावर गुडघ्याला शेक द्यायचे. प्रेमकुंवर तेल गरम करून आणायच्या आणि धाग्याला नमस्कार करायच्या.

होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार आला. डोंगरातला हा वर्षाचा सगळ्यात मोठा बाजार, त्यामुळे गठ्ठे दुप्पट होते. शेवटच्या चढावर शेठांनी खटका सोडला. चेन उतरली नाही. ते पायडलवर उभे राहिले आणि उजव्या पायावर सगळा भार टाकला. गुडघ्यातून आवाज आला तो मीसुद्धा ऐकला. आम्ही दोघंही गठ्ठ्यांसकट रस्त्यात पडलो. मागून येणाऱ्या धनसिंग नावाच्या शेतकऱ्याने शेठांना बैलगाडीत घातलं आणि घरी पोचवलं. तो पाय पुन्हा वाकला नाही.

मी पडवीत उभी राहिले. दिवाळी जवळ आली तेव्हा प्रेमकुंवर विसर्जनासाठी जुना धागा सोडायला आल्या. नखाने उकलत एकेक वेढा काढला. शेवटचा वेढा सुटला आणि माझा पिंजरा टक्कन मागे आला. त्या दचकल्या. त्यांनी हाताने पायडल फिरवलं, तशी चेन लहान चक्रावर उतरली. हातातला धागा त्यांनी माझ्या तारेजवळ धरून पाहिला. मग त्यांनी झुलालला बोलावून घेतलं.

"झुलालभाऊ, तुम्हाला हे कळलं नव्हतं?"

झुलाल मान खाली घालून म्हणाला, "समजनं व्हतं, भाभी. पन तुमना पूजाना धागा. मी कसा तोडू? माले वाटनं, शेठ सांगतीन."

त्या आत शेठांच्या खाटेपाशी गेल्या. दार उघडंच होतं. घरात ते मारवाडी बोलत, मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते.

"तुम्हालाही माहीत होतं का?"

शेठ म्हणाले, "वाटलं होतं. पण तू माझ्या गुडघ्यासाठी बांधला होतास. तुला कसं म्हणू, की त्यानेच अडतंय? म्हटलं, झुलाल तोडेल."

प्रेमकुंवर खाटेजवळ जमिनीवर बसल्या. "एक शब्द बोलला असतात," त्या म्हणाल्या, "तर मी हँडलला बांधला असता."

मित्रांनो, सायकलची चेन पुसा, तारेला तेल द्या, हे तर मी सांगतेच. पण बिघाड कुठे आहे हे दिसत असेल, तर समोरच्याचं मन दुखेल म्हणून गप्प बसू नका. मला बोलता येत नव्हतं. त्यांना येत होतं.

माझी चेन अजून लहान चक्रावरच आहे. त्यानंतर मला चढावर कोणी नेलं नाही.