हाताशी टिकण्याची वेळ

सत्त्याण्णव साल. वैशाखऱ्याच्या अपेक्षाकडे मुरबाडमधल्या एका कारखान्याचा सर्व्हर सोपवलेला होता. सर्व्हर म्हणजे ड्रॉइंग विभागातल्या सगळ्यांच्या नकाशांच्या फायली सांभाळणारं मोठं मशीन. पोरीला घराजवळ नोकरी लागली म्हणून नवशानं, तिच्या बापानं, गावभर पेढे वाटले होते. आणि आता तीच नोकरी जायच्या बेतात होती. दुपार झाली की सर्व्हर असा रेंगाळायचा, की एक नकाशा उघडेपर्यंत माणसाचा चहा पिऊन व्हावा. "मशीन म्हातारं झालंय," विभागाचे साहेब आदेश सर यांनी निकालच देऊन टाकला. "विभाग ठाण्याला हलवू." रोज ठाणं गाठणं अपेक्षाला जमण्यातलं नव्हतं.

ती सर्व्हरच्या पडद्यावरचे आकडे बघत बसली. वारंवार मागितलेली फाईल सर्व्हर डिस्कमध्ये पुन्हा शोधत बसत नाही, मेमरीत हाताशी ठेवतो. आई मीठमिरची चुलीपाशी ठेवते आणि बाकीचं माळ्यावर, तसंच. शंभरातल्या पंच्याण्णव मागण्या हाताशी ठेवलेल्यातूनच पुरवल्या जातात, असं वरची ओळ सांगत होती. त्याच ओळीच्या भरवशावर मशीन ठणठणीत आहे म्हणून तिनं सगळ्यांना सांगितलं होतं आणि टोमणे ऐकले होते. पण ती होती मशीन चालू केल्यापासूनची सरासरी. एवढ्या दिवसांच्या पुण्याईत दुपारचं पाप कुठल्या कुठे बुडून जात होतं.

खाली आणखी एक ओळ होती, तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नसे: हाताशी ठेवलेली सर्वांत जुनी गोष्ट किती वेळ टिकून आहे. सकाळपासून तो आकडा वाढत होता. जेवणानंतर अपेक्षानं रोजच्यासारखी सगळ्या फायलींची जपून ठेवायची कॉपी टेपवर सुरू केली आणि आकडा धाडकन कोसळला. तासांचा मिनिटांवर आला.

"अपेक्षा गो, परत अडकला बघ!" हॉलमधून नकाशे काढणारी स्नेहल ओरडली.

अपेक्षानं एकदा फिरत्या टेपकडे, एकदा आकड्याकडे पाहिलं. कॉपीसाठी सर्व्हर एकूण एक फाईल वाचत होता, कुणी कधी न मागणारीसुद्धा, आणि तिला जागा करायला रोज लागणाऱ्या फायली बाहेर ढकलत होता. आधीचा माणूस मुरबाडचाच, तो सगळे गेल्यावर कॉपी घ्यायचा. अपेक्षाला गावाकडची शेवटची एसटी गाठायची असे, म्हणून तिनंच ते काम दुपारवर आणलं होतं. आणि त्या मुक्या डब्यानं हे सगळं बघितलं होतं, मोजलं होतं, विचारेल त्याला दाखवायला तयार ठेवलं होतं! भीती वाटायची सोडून तिला नवलच वाटलं, अगदी हात जोडावेत इतकं.

सांगावं, तर सर म्हणणार, संध्याकाळी थांब. न सांगावं, तर विभागच जाणार. तिनं कॉपी बंद केली आणि तडक सरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, मशीनचा दोष नाय. माझा हाय. मीच दुपारची कॉपी लावते."

"मग संध्याकाळी लाव."

"थांबता येत नाय सर. एसटी जाते."

सर उठून तिच्यामागोमाग सर्व्हरच्या खोलीत आले. तिनं ती ओळ बोटानं दाखवली. आकडा हळूहळू वर चढत होता. हॉलमधून कुणाची हाक येत नव्हती. खुर्ची ओढून सर पडद्याला नाक लागेल इतके जवळ बसले.

"हा असा रोज मोजतो?"

"रोज सर. आपणच बघत नव्हतो."

"टेप कशी घालायची ते मला शिकवून ठेव," सर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "मी इथंच मुरबाडात राहतो, संध्याकाळी मी लावीन. तू तुझी एसटी पकडत जा."